पुराचे मानकरी

आमच्या कळंबोलीत त्या आषाढी पौर्णिमेला भरदुपारी जे पाणी शिरलं, त्याबद्दल दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'सखल भागात गुडघाभर पाणी'. छापणाऱ्याचे गुडघे नेमके कुठे असतात, ते मला एकदा जवळून बघायचंय. मी पहिल्या मजल्यावर राहते. दारावर काहीतरी धडकलं म्हणून उघडलं, तर समोर तळमजल्यावरच्यांचा फ्रिज! जिना चढून आलेला, धापा टाकत, डोक्यावर प्लॅस्टिकची फुलदाणी तशीच. मी सवयीने 'या, बसा' म्हणून मोकळी झाले. खाली पार्किंगमध्ये स्कूटरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि एक गॅस सिलिंडर गेटमधून असा रुबाबात बाहेर चालला होता, की वॉचमनने त्याला सलाम ठोकला. ह्यात कुणाला अतिशयोक्ती वाटली तर त्याने वॉचमनला विचारावं. तो आता गावी गेलाय, ती गोष्ट वेगळी.

पण खरा फटका बसला माझ्या आत्याला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन उरणला गेली, मोऱ्याच्या धक्क्याजवळ सगळा संसार केला, त्यामुळे बोली पक्की तिकडची. नवरा गेल्यावर तिने आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर रस्त्याकडचा गाळा घेतला आणि पिठाची गिरणी टाकली. पुढे गिरणी, मागे तिची खोली. पाणी ओसरल्यावर आम्ही गाळ्यात शिरलो, तेव्हा दाणे ओतायच्या पेटीत एक भलीमोठी चिंबोरी नांग्या उगारून बसली होती.

"बग गो," आत्या म्हणाली, "ही बाय पन नंबर लावून बसलीय."

चिंबोरीचा संध्याकाळी रस्सा झाला. पूरग्रस्तांपर्यंत पोचलेली ती पहिली मदत.

मोटार मात्र जळाली होती. ती दुरुस्त करून आणेपर्यंत आत्याच्या मुलाचा पुण्याहून फोन. तो तिकडे चौदाव्या मजल्यावर राहतो, ढग खिडकीतून हाताने बाजूला करून भाजीवाला आलाय का ते बघावं लागतं. त्याने आईकडून शब्दच घेतला. पुन्हा एकदा पाणी आलं, की गिरणी भंगारात, आणि आई पुण्यात. आत्या रागाच्या भरात 'बरं' म्हणाली आणि मग फोन ठेवून माझ्याकडे वळली.

"चौदाव्या माळ्यावर दळन घेऊन कोन येनार गो? घारी?"

ह्या बाईने आयुष्यात कधी शब्द फिरवलेला नाही. एकदा ती जावेला 'तुझ्या घरचं पाणी पिणार नाही' म्हणाली होती, तर अजून तिच्याकडे जाताना बाटली घेऊन जाते. म्हणजे आता सगळं पुढच्या उधाणावर होतं, आणि पुढचं उधाण अमावास्येला. पंधरवड्यावर.

पाणी का येतं, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. आमचा नाला खाडीला जाऊन मिळतो. त्याच्या तोंडाशी एक लोखंडी झडप होती. ओहोटीला ती आपोआप उघडायची आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायची. भरती आली, की खाडीच्याच जोराने धाडकन मिटायची. साधी, गरीब, बिनपगारी. पण कळंबोली म्हणजे लोखंडाचा बाजार. इथे सळया, पत्रे, गर्डर यांचे डोंगर, आणि ते वाहून नेणाऱ्या ट्रकांची रांग पार घाटापर्यंत. अशा ठिकाणी लोखंडाची झडप उघड्यावर ठेवायची, म्हणजे बोक्याला दुधाच्या पातेल्याची राखण सांगायची. एक दिवस ती गेली. बाजारात फिरताना मला अजूनही प्रत्येक पत्रा ओळखीचा वाटतो. झडप गेल्यापासून भरती-ओहोटी दोघीही आमच्या नाल्यातून सासर-माहेर करायला लागल्या, आणि पौर्णिमेला वरून पाऊस नि खालून खाडी एकाच वेळी पाहुणे आले.

आता आमच्या सोसायटीचं एक सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आम्ही सत्कार करतो. कुणाचाही. गेटच्या आत पाऊल टाकलं, की माणूस शाल-श्रीफळाशिवाय बाहेर पडत नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा आम्ही सत्कार केला, तो शाल पांघरून त्याच लिफ्टने खाली निघाला आणि मधेच अडकला. बाहेर काढल्यावर धीर राखल्याबद्दल पुन्हा केला. वीज तोडायला आलेल्या माणसाला शाल घातली, तर तो इतका गहिवरला, की पक्कड इथेच विसरून गेला. ह्या सगळ्यामागे आमचे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक, सत्कार समितीचे तहहयात अध्यक्ष. आवाज असा, की माईक हातात घेतला की माईक दबून जातो. पुरात सोसायटीचा पंप गेला, मीटर गेले, पण शालींचं कपाट गुरुजींच्या घरी चौथ्या मजल्यावर होतं. देव तारी त्याला कोण मारी.

पाणी ओसरल्यावर नगरसेवक आले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. पांढरेशुभ्र कपडे, पायात गमबूट, मागे छत्री धरलेला एक आणि छत्रीवाल्यामागे छत्री धरलेला आणखी एक. खाली सगळी सोसायटी तापलेली. बायकांच्या हातात रिकाम्या बादल्या, आणि तिसऱ्या मजल्यावरचे जोशीले गृहस्थ पिशवीत चप्पल घेऊन आले होते. जुनी. नवी कशाला वाया घालवा.

भाऊंना वरून कुणीतरी शहाण्याने सांगितलं असणार, की अशा वेळी कारणं देऊ नका, सरळ मान्य करा आणि निघा. ते हात जोडून म्हणाले, "बंधू-भगिनींनो, पाऊस निसर्गाचा असला, तरी तुमच्या घरात आलेलं पाणी माझं आहे. ह्या पुराची संपूर्ण नैतिक जबाबदारी मी स्वीकारतो."

बोलून त्यांनी डोळे मिटले. जोशील्या गृहस्थांनी पिशवीची गाठ सोडली.

आणि इथे गुरुजींची सवय आडवी आली. पुढाऱ्याचं बोलणं थांबलं, की गुरुजींचा हात शालीकडे जातो. त्यात त्यांचा दोष नाही, चुलीवरचं दूध वर आलं की बाईचा हात जातो तसा तो जातो. "अत्यंत धीरोदात्तपणे," गुरुजी गरजले, "पुराची जबाबदारी स्वीकारल्याबद्दल सोसायटीतर्फे माननीय भाऊंचा शाल व श्रीफळ देऊन यथोचित..."

टाळ्या! आम्ही सगळ्यांनी वाजवल्या. हात आमचे, पण वळण गुरुजींचं. जोशीले गृहस्थ चप्पल काखेत धरून टाळ्या वाजवत होते. भाऊंनी आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. अंगावर शाल, हातात नारळ, समोर फोटो काढणारे. फाशीला नेलेल्या माणसाला बोहल्यावर उभं केल्यावर चेहरा होईल, तसा त्यांचा झाला होता.

टाळ्या थांबल्यावर आत्या पुढे झाली. "भाऊ, जबाबदारी घेतलीत, लय बरं केलंत. आता झडप कधी बसवताय?"

"मावशी, त्याची एक पद्धत असते. जबाबदारी आधी स्वीकारायची. मग ती वरती पाठवायची."

"वरती कशाला? पानी तर खालून येतं."

भाऊ गोड हसले आणि नारळ घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सिग्नलवर एवढा मोठा फ्लेक्स लागला, की त्याच्या सावलीत दोन ट्रेलर उभे राहिले. शाल पांघरलेले भाऊ, आणि खाली अक्षरं: 'कळंबोलीच्या पुराची जबाबदारी स्वीकारणारे एकमेव नेतृत्व! समस्त पूरग्रस्तांतर्फे हार्दिक अभिनंदन!' कोपऱ्यात आमच्या बिल्डिंगचा फोटो, पाण्यासकट. पाणी मूळ फोटोत हिरवट होतं, त्यांनी निळं करून घेतलं होतं.

तो फ्लेक्स बघून त्याच दुपारी दादा आले. दादा म्हणजे भाऊंच्या आधीचे नगरसेवक, दोघांमधून विस्तव जात नाही. आले ते तणतणत.

"हा पूर त्याचा? त्याचा?" दादांचा आवाज चौथ्या मजल्याला लागून परत येत होता. "अरे, खाडीच्या अंगाला भराव कुणी टाकू दिला? मी! नाल्याला काटकोनात कुणी वळवला? मी! झडपेला राखणदार नको, हे कुणी ठरवलं? मी, मी, मी! उभी हयात घालवली मी ह्या पुरामागे, आणि कालचा पोरगा येऊन शाल घेऊन जातो?"

"पण दादा, भाऊ म्हणाले की नैतिक..." गुरुजी म्हणाले.

"नैतिक त्याची असेल. प्रत्यक्ष माझी आहे."

मुद्दा बिनतोड होता. गुरुजींनी कपाट उघडलं. दादांना तर शालीबरोबर फेटाही मिळाला, कारण ज्येष्ठ. आत्याने पुन्हा झडपेचं विचारलं, तेव्हा दादा म्हणाले, "काकू, ते आता भाऊच्या अखत्यारीत येतं. माझ्याकडे फक्त जबाबदारी आहे."

मग जे सुरू झालं, त्याला तोड नाही. सिग्नलच्या एका बाजूला 'पुराचे खरे शिल्पकार' म्हणून दादा, दुसऱ्या बाजूला 'एकमेव नेतृत्व' भाऊ, मधल्या खांबावर आणखी कुणीतरी 'पुरासाठी सतत पाठपुरावा करणारे' म्हणून. चहाच्या टपरीवर दोन कार्यकर्ते गळपट्टीला गळपट्टी भिडवून भांडताना मी ह्या कानांनी ऐकलं, "आमच्या साहेबांच्या काळात पाणी पहिल्या मजल्याला लागलं होतं, तुमच्या साहेबाला जमलंय का कधी?"

गावातल्या ह्या दोघांना शाली मिळाल्या म्हटल्यावर त्यांच्यावरचे कसे गप्प बसतील? एके सकाळी टीव्हीवर एक मंत्री. छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी दालनात बसून जबाबदारी स्वीकारणारा माणूस नाही. मी स्वतः त्या ठिकाणी जाईन, जिथे पाणी आलं त्याच जागेवर उभा राहीन आणि स्वीकारेन."

आत्या टीव्हीसमोर गहू निवडत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "हा तरी झडप आननार काय?"

"नाही. नारळ नेणार."

"मंग माजी बॅग काडून ठेव माळ्यावरून."

ते ती इतकं साधेपणाने म्हणाली, की मी टीव्हीच बंद केला. आत्याने सुपातल्या गव्हातून एक खडा उचलला आणि कितीतरी वेळ बोटांत धरून ठेवला. मी तिच्यावर खूप हसते, पण खाली गिरणीची घरघर नसेल तर मला दुपारी झोपसुद्धा लागत नाही.

तेवढ्यात माझी नजर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गेली. तिच्या मागच्या पानावर भरती-ओहोटीच्या वेळा असतात. मी पान उलटलं आणि माझ्या डोक्यात जे आलं, ते मी आधी देवाला नमस्कार करून मगच गुरुजींना सांगितलं. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे, समारंभाची तारीख नि जागा ठरवणं माझ्याकडे असतं.

"अमावास्येला सत्कार?" गुरुजी दचकले. "अहो, अशुभ."

"दीप अमावास्या आहे, गुरुजी. दिव्यांची पूजा. मंत्री म्हणजे दिवाच की."

गुरुजींना हे एकदम पटलं. त्याच अमावास्येला दुसरंही एक नाव आहे, ते कार्यकर्त्यांना जास्त पाठ असतं. श्रावणाच्या आधीची ती शेवटची संधी, त्या दिवशी जेवण आहे म्हटलं की कार्यकर्ता पोहत येतो. तारीख दोन्हीकडून पक्की झाली. जागा, गिरणीसमोरचं मैदान. वेळ, दुपारी भर भरतीची. भाऊ आणि दादा दोघेही निमंत्रक. फ्लेक्स लागले, मंडप ठरला.

मंडपाची पाहणी करायला मंत्र्यांचे सहायक आले. सफारी, हातात दोन फोन, दोन्ही कानांना. "स्टेज इथे? ठीक. साहेबांची खुर्ची? मधे. ठीक." मग त्यांची नजर गिरणीच्या भिंतीवर गेली. "हा काळा पट्टा कसला?"

"पाण्याची खूण," मी म्हटलं.

"कधीची?"

"पौर्णिमेची. अमावास्येला थोडं वर असतं म्हणतात."

त्यांनी एक खुर्ची मागवली, तीवर बसून बघितलं. पट्टा त्यांच्या हनुवटीला लागत होता.

"आणि कार्यक्रमाची वेळ?"

"भरतीचीच की. साहेबांनी टीव्हीवर सांगितलं ना, पाणी आलं त्याच जागेवर."

"जागा बदला! कुठलं तरी मंगल कार्यालय घ्या!"

"घेतलं असतं," आत्या गिरणीच्या पायरीवरून म्हणाली, "पन तितं पानी आलंच नाय. तितं घेतलेली जबाबदारी आमच्या काय कामाची? टीवीवाले इचारतील, साहेब घाबरले काय म्हनून."

सहायकांनी दोन्ही फोन खाली घेतले. हे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत असावं. मग त्यांनी भाऊंना आणि दादांना बाजूला घेतलं. सगळं ऐकू आलं नाही, पण "साहेबांचे मोजे भिजले तर" एवढं मी ऐकलं, आणि पुढचं वाक्य दोघांच्या चेहऱ्यावर वाचलं.

दुसऱ्या दिवशी लोखंडाच्या बाजारातून दोन ट्रक सुटले. एकात भाऊंची झडप, दुसऱ्यात दादांची. दोन्ही नाल्याच्या तोंडाशी एकदम पोचल्या आणि कुणाची आधी उतरायची ह्यावर एवढी जुंपली, की खाडीतले बगळे ऐकायला येऊन बसले. शेवटी कळलं, भाऊंची झडप मापात आहे, पण बिजागऱ्या आणायला विसरले. दादांच्या बिजागऱ्या भक्कम, पण झडप एवढी मोठी, की ती बसवायला आधी नाला मोठा करावा लागेल. सहायक घड्याळ दाखवत उभे. मग भाऊंची झडप दादांच्या बिजागऱ्यांवर बसली. दादांची झडप वाया कशाला घालवायची, म्हणून ती स्टेजवर अंथरली.

अमावास्या उजाडली. पाऊस असा, की थेंब वेगळे दिसेनात. सकाळीच पुण्याहून आत्याचा मुलगा गाडी घेऊन हजर. डिकी उघडीच ठेवून उभा.

"आई, बॅग?"

"भरलीय. भरती होऊ दे."

मंत्री आले. स्टेजवर भाऊ, दादा, सहायक, समोर जेवणाच्या आशेने आलेली सगळी कळंबोली. पण आम्हा सोसायटीवाल्यांचं स्टेजकडे लक्षच नव्हतं, आमच्या माना नाल्याकडे. खाडी फुगत आली. करडं पाणी काठाला लागलं, वर चढलं, आणि नाल्याच्या तोंडातून आत शिरायला लागलं. आत्याने माझा हात असा घट्ट धरला, की माझी बांगडी अजून वाकडी आहे.

आणि मग धाडकन आवाज झाला. असा, की मंत्र्यांच्या समोरचा माईक शिंकला. झडप मिटली.

खाडी पलीकडून धडका मारत राहिली. इकडे आमच्या मैदानात पावसाचं पाणी तेवढं, टाचेलाही न लागणारं. मंत्री बोलायला उभे राहिले, "आज तुमच्या घराघरात शिरलेलं हे पाणी..." म्हणाले आणि खाली बघून थांबले. घराघरात काही शिरलेलं नव्हतं. तरी त्यांनी मागच्या पुराची जबाबदारी नेटाने स्वीकारली, शाल घेतली, नारळ घेतला.

झालं असतं तिथेच. पण गुरुजींचं मन भरून आलं होतं, आणि हातात एक शाल उरली होती. "आता," ते म्हणाले, "ज्यांनी ही झडप बसवण्याची जबाबदारी घेतली, ज्यांच्यामुळे आज आपण कोरडे आहोत, त्यांनी कृपया पुढे यावं!"

कुणी हलेना. भाऊ दादांकडे बघत होते, दादा छताकडे.

"भाऊ?" गुरुजी म्हणाले.

"छे छे, माझा काय संबंध! मंजुरी नाही, टेंडर नाही. उद्या चौकशी लागली तर?"

"दादा?"

"मी तर त्या दिवशी कळंबोलीत नव्हतोच."

"दादा, तुम्ही उभे आहात ती झडप तुमचीच ना?"

दादांनी पाय उचलला, जसं काही विंचू चावला. मंत्र्यांनी सहायकांना विचारलं, "कसली झडप?" सहायक दोन्ही फोन कानाला लावून म्हणाले, "कल्पना नाही, साहेब." आणि बघता बघता स्टेज रिकामं झालं, गाड्या गेल्या. पुराला मानकऱ्यांची रांग, झडपेला कुणी बाप नाही.

गुरुजी शाल घेऊन तसेच उभे. त्यांच्या आयुष्यात शाल कधी परत कपाटात गेलेली नव्हती. मग ते पावसात नाल्याकडे चालू लागले, आम्ही मागे. काठावरून वाकून त्यांनी शाल झडपेच्या वरच्या कडेवर अंथरली, तिची टोकं बिजागऱ्यांत खोचली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "यथोचित सत्कार करण्यात येत आहे." आत्याने नारळ फोडला. आम्ही टाळ्या वाजवल्या. ह्या वेळी वळणही आमचंच होतं.

मुलगा डिकी बंद करायला निघाला, तेव्हा आत्या ओरडली, "थांब रे, उघडी ठेव!" त्याचा चेहरा उजळला. पण तिने आत बॅग ठेवली नाही. गव्हाचं, ज्वारीचं, बाजरीचं, बेसनाचं, एवढं पीठ भरलं, की गाडीची मागची चाकं रुतली आणि आम्हालाच ढकलावी लागली. पुण्याला पोचेपर्यंत तो पांढरा होऊन गेला असणार.

दोन दिवसांनी बघते, तर शाल चोरीला गेलेली. झडप मात्र जागच्या जागी. मी धावत गिरणीत गेले, आत्याला सांगितलं. ती दाणे ओतत होती, गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून म्हणाली, "गुरुजींना सांग, दर अमावास्येला एक नवी लावा. चोराचं मन शालीत रमलं, का लोखंडाला हात लावनार नाय."

गुरुजींनी समितीची बैठक बोलावली आणि ठराव एकमताने झाला. तेव्हापासून आमच्या झडपेचा दर अमावास्येला सत्कार होतो. चोरही वेळेवर येतो.